घरी शिकणाऱ्या मुलीसाठी अकरावी-बारावीचे जीवशास्त्र : अभ्यासक्रम कोणता निवडावा?

जुळे सोलापूर (चर्चेतील सर्वांप्रमाणे हेही टोपणनाव) यांची विचारणा

नमस्कार. माझी मुलगी सातवीनंतर घरीच शिकते. दहावीची परीक्षा तिने राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेतून, म्हणजे आपण सारे ज्याला एनआयओएस म्हणतो तिथून, दिली आणि आता पुढची दोन वर्षे तिला जीवशास्त्र मन लावून शिकायचे आहे. डॉक्टर व्हायचे की संशोधनाकडे वळायचे हे तिचे ठरलेले नाही आणि आम्हीही त्याची घाई केलेली नाही. अडचण अशी आहे की घरात हा विषय कोणालाच येत नाही. मी वाणिज्य शाखेची, एका टॉवेल कारखान्याचे हिशेब पाहते. तिचे बाबा वीजजोडणीची कामे घेतात. गणित आणि इंग्रजी आम्ही दोघांनी कसेबसे निभावले, पण पेशीविभाजनाच्या आकृतीपाशी येऊन हात टेकले.

मला दोन गोष्टी हव्या आहेत आणि त्या एकत्र सापडत नाहीत. अभ्यासक्रम कसदार हवा, म्हणजे वाचून झाल्यावर मुलीला विचार करता आला पाहिजे. शिकवणी वर्गांच्या टिपणांसारखी नुसती यादी नको. आणि तो कोणत्याही धर्माच्या आग्रहापासून मोकळा हवा. ही दुसरी अट ऐकून आमच्याकडे काही जण हसले, कारण जीवशास्त्रात धर्म येतो कुठे असे त्यांना वाटते. पण घरी शिकणाऱ्यांसाठी इंग्रजीत जे तयार अभ्यासक्रम मिळतात, त्यांतील दोघांचे नमुना पाठ मी उतरवून घेतले, तर एकात पृथ्वीचे वय काही हजार वर्षे सांगितले होते आणि दुसऱ्यात उत्क्रांतीचे प्रकरणच नव्हते. इकडे एनसीईआरटीच्या दहावीच्या पुस्तकातून उत्क्रांती वगळलेली. त्यातच आमच्या एका नातेवाइकांनी मुलीला सांगितले की दशावतार म्हणजेच उत्क्रांती, मत्स्यापासून माणसापर्यंत सगळे त्यात आहे. ती मला विचारू लागली आणि मला धड उत्तर देता आले नाही.

आठवड्याला ७-८ तास ती या विषयाला देऊ शकते. इंग्रजी वाचन बरे आहे, पण विचार मराठीतूनच चालतो. प्रयोगशाळा नाही, सूक्ष्मदर्शक नाही. खर्चाची मर्यादा आहे, तरी एखादी चांगली वस्तू घ्यावी लागली तर घेऊ. ज्यांनी हा मार्ग चालून पाहिला आहे किंवा जे हा विषय शिकवतात, त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

काचपट्टी यांचे उत्तर

ताई, मी सोलापुरातच कनिष्ठ महाविद्यालयात ३१ वर्षे जीवशास्त्र शिकवले. घरी शिकणाऱ्या मुलांविषयी माझे मत आरंभी फारसे बरे नव्हते, हे आधीच सांगून टाकतो. निवृत्तीनंतर अशा दोन मुलांना प्रात्यक्षिके दाखवण्याचा योग आला आणि ते मत बदलावे लागले; ती मुले मला न आवडणारे, म्हणजे उत्तर पुस्तकात नसलेले, प्रश्न विचारत.

आपल्या दुसऱ्या अटीपासून आरंभ करतो. पुस्तकात उत्क्रांतीचे प्रकरण आहे की नाही एवढे पाहून भागत नाही. ते कोणत्या जागी आहे आणि बाकीची प्रकरणे त्याच्याकडे पाठ फिरवून बसली आहेत का, हे पाहावे लागते. एनसीईआरटीच्या अकरावीच्या पुस्तकात आरंभीची चारही प्रकरणे सजीवांची विविधता आणि वर्गीकरण यांवर आहेत, आणि उत्क्रांती येते बारावीत. बालभारतीच्या बारावीच्या पुस्तकात ती पाचव्या प्रकरणात आहे आणि वर्गीकरण तिथेही अकरावीच्या आरंभीच उरकलेले असते. म्हणजे देवमासा माशांत न धरता सस्तन प्राण्यांत का धरायचा, हे मूल आधी पाठ करते आणि त्यामागचे कारण त्याला वर्षभराने कळते. मी स्वतः अनेक वर्षे त्याच क्रमाने शिकवले, कारण घटक चाचणी त्याच क्रमाने असे. आपल्याला घटक चाचणीचे बंधन नाही. आपण क्रम उलटा करा.

एनआयओएसच्या उच्च माध्यमिक जीवशास्त्राचा (विषय क्रमांक ३१४) या बाबतीत मला आनंद वाटतो. त्यांचा पहिलाच पाठ जीवसृष्टीचा उगम, उत्क्रांती आणि वर्गीकरणाची ओळख असा एकत्र बांधलेला आहे. दहावीच्या पातळीवर मराठीतून पाया घालायचा असेल तर बालभारतीच्या दहावीच्या विज्ञान व तंत्रज्ञान भाग २ या पुस्तकाचे पहिलेच प्रकरण ‘आनुवंशिकता व उत्क्रांती’ आहे. एनसीईआरटीने दहावीतून जे काढले ते आपल्या राज्याच्या पुस्तकात राहिले आहे. मुलगी विचार मराठीतून करते असे आपण म्हणता, तर हे प्रकरण तिने पहिल्या आठवड्यात वाचावे आणि मग इंग्रजी पुस्तकाला हात घालावा.

दशावताराविषयी. त्या नातेवाइकांशी वाद घालू नका. कथा म्हणून ती सुंदरच आहे. पण मुलीला एक कागद द्या आणि सांगा की मासा, कासव, डुक्कर, सिंह आणि माणूस यांचे नाते काढून दाखव. ती बहुधा शिडी काढेल : खाली मासा, वर माणूस. मग तिला विचारा की आजचा मासा हा आपला पूर्वज कसा असेल, तो तर आज हिप्परग्याच्या तलावात पोहतो आहे. तेव्हा शिडी मोडून झाड काढावे लागते आणि आजचे सगळे प्राणी त्या झाडाच्या शेंड्यांवर येतात. डुक्कर आणि सिंह यांची फांदी कासवाच्या फांदीपासून कुठे फुटली, असा प्रश्न तिने स्वतः विचारला की समजावे, वर्गीकरणाची निम्मी प्रकरणे झाली. मानवजात हा उत्क्रांतीचा कळस आहे असे सुचवणारे पुस्तक, मग ते कोणत्याही देशातले असो, मी बाजूला ठेवीन. ही चूक अधार्मिक म्हणवणाऱ्या पुस्तकांतही सापडते.

आता कसाविषयी. कोणतेही पुस्तक हाती घेतले की मी मजकूर न वाचता आधी प्रकरणाशेवटचे प्रश्न वाचतो. ‘परासरण (पेशीच्या पातळ पडद्यातून पाण्याची ये-जा) म्हणजे काय?’ हा प्रश्न कोणतेही पुस्तक विचारते. चांगले पुस्तक असे विचारते : बटाट्याचे सारख्या मापाचे तुकडे साखरेच्या सहा वेगवेगळ्या द्रावणांत ठेवले, तासाभराने वजने केली, ही घ्या वजने; आलेख काढा आणि बटाट्याच्या पेशींतील द्रावणाची तीव्रता किती असावी ते सांगा. हा प्रयोग स्वयंपाकघरात होतो. सोनाराकडे असतो तसा ०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणारा छोटा काटा आता स्वस्तात मिळतो. द्रावणाची तीव्रता मोल या रासायनिक एककात मोजतात; साखरेचा एक मोल म्हणजे ३४२ ग्रॅम. एका लिटर द्रावणात साधारण १०० ग्रॅमच्या आसपास साखर असताना बटाट्याचे वजन ना वाढते ना घटते, असे बहुतेक वेळा दिसते. वजनातला फरक ग्रॅममध्ये न मांडता टक्क्यांत का मांडायचा, हे तिला स्वतःला सुचू द्या. न सुचल्यास तिचे दोन तुकडे कमीजास्त वजनाचे कापून द्या, लगेच सुचेल.

वाचनासाठी अमेरिकेतील राइस विद्यापीठाच्या ओपनस्टॅक्स प्रकल्पाची पुस्तके विनामूल्य उतरवून घेता येतात. त्यांपैकी ‘कन्सेप्ट्स ऑफ बायोलॉजी’ सोपे आहे आणि ‘बायोलॉजी’ची दुसरी आवृत्ती जाड व सखोल आहे. दोन्ही धर्मप्रचारापासून पूर्ण मोकळी आहेत. माझा सल्ला असा की नोंदणी आणि परीक्षा एनआयओएसची, वाचन ओपनस्टॅक्सचे आणि शब्दांची जोड मराठी पुस्तकाची. एक गोष्ट मात्र पुस्तकातून मिळणार नाही. आठवड्याला मुलगी दोन पानांचे उत्तर लिहील, ते लाल शाईने तपासणारे कोणीतरी हवे. घरी शिकणाऱ्या मुलांचे वाचन अफाट असते आणि उत्तर लिहायला बसले की तीन ओळींत संपते, हे मी पाहिले आहे.

बोरामणी यांचे उत्तर

सरांच्या बहुतेक म्हणण्याशी सहमत आहे, पण एनआयओएसवरच्या त्यांच्या भरवशाशी नाही. त्याविषयी शेवटी लिहितो.

आधी आमची फजिती. मुलगा चौदा वर्षांचा असताना परदेशातून परतलेल्या एका परिचितांनी त्यांच्या मुलांचा वापरलेला जीवशास्त्राचा पूर्ण संच आम्हाला दिला : पाठ्यपुस्तक, प्रयोगवही, उत्तरपुस्तिका, सगळे एका खोक्यात. पेशी, वनस्पती, गांडुळाचे विच्छेदन ही प्रकरणे इतकी निगुतीने लिहिलेली होती की आम्ही पुढचे न तपासता आठ महिने तेच चालवले. उत्क्रांतीच्या प्रकरणाशी आलो तेव्हा कळले की ते प्रकरण उत्क्रांती समजावण्यासाठी नसून ती खोडून काढण्यासाठी लिहिलेले आहे. मुलाने ते भक्तिभावाने पाठ केले होते, कारण तोवरचे सारे पुस्तक त्याला खरे ठरलेले दिसले होते. पुढे एका सराव परीक्षेत खडकांचे वय किरणोत्सर्गी मूलद्रव्यांवरून कसे काढतात हा प्रश्न आला आणि त्याने ‘काढता येत नाही’ असे उत्तर लिहिले. त्याला मी घराबाहेर नेले आणि विहिरीच्या कडेचा काळा पाषाण दाखवला. सोलापूरच्या पायाखालचा हा लाव्हा साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा आहे आणि पृथ्वी साधारण ४५४ कोटी वर्षांची. हे आकडे कसे येतात ते समजायला आम्हाला आणखी महिना लागला, तो महिना खरे तर पहिल्याच वर्षी घालवायला हवा होता.

अमेरिकेतील साहित्य असे का असते, हे समजले म्हणजे निवड सोपी जाते. तिथे सरकारी शाळांत निर्मितिवाद, म्हणजे सजीव देवाने आहेत तसेच घडवले हे मत, शिकवण्याचे प्रयत्न न्यायालयांनी वेळोवेळी रोखले : १९८७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने लुईझियानाचा कायदा रद्द केला, आणि २००५ मध्ये पेनसिल्व्हेनियातील डोव्हर गावच्या खटल्यात ‘इंटेलिजंट डिझाइन’ (सजीवांमागे कोणा बुद्धिमान रचनाकाराचा हात आहे हे मत) हे विज्ञान नव्हे असा निकाल झाला. पण हे निकाल सरकारी शाळांपुरते. घरी शिकवणाऱ्यांवर असे बंधन नाही आणि तिथे धार्मिक कारणाने घरी शिकवणारी कुटुंबे पुष्कळ, त्यामुळे त्या बाजारात त्या प्रकारची पुस्तके अधिक. म्हणून जाहिरातीत ‘घरी शिकणाऱ्यांसाठी खास’ असे लिहिलेले दिसले की मी सावध होतो, आणि शाळा-महाविद्यालयांसाठी लिहिलेले पुस्तकच घरी आणतो.

ताईंनी ज्या दुसऱ्या नमुन्याचा उल्लेख केला, ज्यात उत्क्रांतीच नाही, तो जास्त फसवा असतो. अशी पुस्तके स्वतःला ‘न्यूट्रल’ म्हणवतात. कोणाचेच मन दुखवू नये म्हणून विषयाचा कणाच काढून घेतलेला असतो आणि उरते ते नावांचे गाठोडे. ओळखायची एक खूण सांगतो : ‘स्पीशीज’ (जीवशास्त्रातील जाती) याऐवजी ‘काइंड’ (बायबलमधला ‘प्रकार’) हा शब्द वारंवार येऊ लागला, किंवा लहान बदल होतात पण मोठे होत नाहीत असा सूर दिसला, की पुस्तक मिटावे.

आम्ही शेवटी अमेरिकेच्या कॉलेज बोर्डाचा एपी बायोलॉजी हा, शाळकरी मुलांसाठीचा पण महाविद्यालयीन पातळीचा, आराखडा धरला. त्याचे आठ घटक आहेत, आरंभ जीवनाच्या रसायनापासून आणि शेवट परिसंस्थेपाशी. उत्क्रांती ही चार सूत्रांपैकी एक म्हणून सगळीकडून फिरते. अध्यापनाचा चौथा हिस्सा वेळ हाताने करायच्या प्रयोगांना द्यावा असे ते सांगतात. मागील वर्षांचे दीर्घोत्तरी प्रश्न आणि ते तपासण्याचे निकष कॉलेज बोर्ड स्वतः खुले ठेवते, आणि सरांनी ज्या लाल शाईची गोष्ट काढली ती गरज या निकषांनी बरीच भागते. मी अभियंता आहे, मला जीवशास्त्र येत नाही. पण निकषात ‘नियंत्रित गट (तुलनेसाठी बदल न करता ठेवलेला) ओळखला : १ गुण’ असे लिहिले असेल तर उत्तरात तो आहे की नाही हे मला दिसते.

केंब्रिजचा दहावीच्या तोडीचा आयजीसीएसई अभ्यासक्रम (विषय क्रमांक ०६१०) हाही चांगला आहे आणि त्यात प्रत्यक्ष प्रात्यक्षिकाऐवजी लेखी पर्याय घेता येतो, म्हणून घरी शिकणाऱ्यांना तो सोयीचा. मात्र त्याच्या पुढची, बारावीच्या तोडीची ए लेव्हल (९७००) घेतली की प्रयोगशाळेत बसून द्यायची परीक्षा येते आणि बाहेरच्या विद्यार्थ्याला ती देऊ देणारे केंद्र शोधताना दमछाक होते.

एनआयओएसविषयी माझा आक्षेप एवढाच की ३३ टक्क्यांना उत्तीर्ण करणारी परीक्षा समोर असली की मूल तेवढेच चालते. त्याला वेगाने पळायला लावणारे दुसरे काहीतरी सोबत हवे.

काचपट्टी यांचे उत्तर

बोरामणीकर, आक्षेप रास्त आहे. माझे म्हणणे एवढेच की ताईंच्या मुलीला बारावीचे प्रमाणपत्र तर लागणारच, आणि एपीची परीक्षा म्हणजे बारावी नव्हे. पुढे तिने वैद्यकाकडे जायचे ठरवले, तर मुक्त विद्यालयाच्या विद्यार्थ्यांना अपात्र ठरवणारी तरतूद दिल्ली उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये रद्द केली आहे आणि २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयातही तो वाद मुलांच्या बाजूने मिटला. वैद्यकीय प्रवेशाच्या नीट परीक्षेतले ७२० पैकी ३६० गुण जीवशास्त्राचे असतात आणि तिथे एनसीईआरटीची ओळ न् ओळ लागते. पण तो अभ्यास शेवटच्या वर्षी वेगळा करता येतो. त्यासाठी आत्तापासून विषयाची चव घालवू नये.

आपल्या निकषांची कल्पना मात्र मला फार आवडली. मी ३१ वर्षे उत्तरपत्रिका तपासल्या आणि गुण कशाचे देतो हे मुलांना कधी आधी सांगितले नाही.

डाळिंबबाग यांचे उत्तर

मी कृषी पदवीधर आहे, मोहोळकडे आमची डाळिंबाची बाग आहे. वर पुस्तकांची चर्चा पुरेशी झाली आहे, म्हणून मी केवळ हातांविषयी लिहितो.

ताई, खर्च करायचाच असेल तर तो सूक्ष्मदर्शकावर करा. ४०, १०० आणि ४०० पट मोठे दाखवणारा, खालून दिवा असलेला विद्यार्थी-सूक्ष्मदर्शक घ्यावा. फिरस्तीसाठी स्टॅनफर्डमधील मनू प्रकाश यांच्या गटाने तयार केलेला फोल्डस्कोप हा कागदी सूक्ष्मदर्शक आहे. तो साधारण १४० पट मोठे दाखवतो आणि पुस्तकात ठेवता येतो. पण बसून आकृती काढायला मेजावरचाच हवा.

पहिले प्रात्यक्षिक मी ज्वारीच्या पानाचे सांगेन, कारण सध्या मालदांडी ज्वारी रानात उभी आहे आणि हुरड्याला कोणीतरी बोलावतेच. कोवळे पान आणावे. बटाट्याचा बोटभर तुकडा मधोमध चिरून त्या फटीत पानाची पट्टी धरावी आणि नव्या ब्लेडने, ब्लेड ओले ठेवून, बटाट्यासकट आडवे काप घ्यावेत. ब्लेड दाबायचे नाही, आपल्याकडे ओढायचे. वीस-पंचवीस काप बशीतल्या पाण्यात सोडावेत; जे तळाशी हिरवेगार दिसतात ते जाड, जे आहेत की नाहीत असे वाटते ते कामाचे. मऊ कुंचल्याने एक उचलून काचपट्टीवर पाण्याच्या थेंबात ठेवावा, वर आच्छादन काच. रंग लागत नाही. १०० पटीवर प्रत्येक शिरेभोवती मोठ्या, गडद हिरव्या पेशींचे कडे दिसते, जणू शिरेला कोणी हार घातला आहे. जर्मन भाषेत त्याला क्रांझ, म्हणजे हारच, म्हणतात.

त्यानंतर शेजारच्या वाफ्यातल्या गव्हाच्या पानाचे काप घ्यावेत. शिरेभोवती आवरण तिथेही आहे, पण ते हिरवे नाही. हा फरक डोळ्यांनी पाहिला की मग ज्वारी, ऊस आणि मका कार्बन डायऑक्साइड एका ठिकाणी पकडून दुसऱ्या ठिकाणी कसा वापरतात, आणि उन्हात व कमी पाण्यात ज्वारी का तगते, हे वाचताना पुस्तक जड जात नाही. मी हे पदवीला फळ्यावरच्या आकृतीवरून शिकलो होतो. आमच्या रानात पिढ्यान् पिढ्या ज्वारी होती आणि तिचे पान मी पहिल्यांदा कापून पाहिले ते वयाच्या तिसाव्या वर्षी.

दुसरे, तेल्या. डाळिंबावरचा हा रोग जिवाणूंमुळे होतो, बुरशीमुळे नाही, हे पुष्कळ बागायतदारांनाही डोळ्यांनी पाहायला मिळालेले नसते. पानावरील तेलकट डागाच्या कडेचा बारीक तुकडा काचपट्टीवर पाण्याच्या थेंबात ठेवावा आणि थोडा वेळ धीर धरावा. कापलेल्या कडेतून उदबत्तीच्या धुरासारखा लोट पाण्यात पसरताना दिसतो, ते जिवाणू. नंतर मुलीला विचारावे की एकच औषध वर्षानुवर्षे फवारले तर बागेत कोणते जिवाणू उरतील. नैसर्गिक निवड पाहायला डार्विनसारखे गॅलापॅगोस बेटांपर्यंत जावे लागत नाही. सोलापुरात केगावला राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आहे, तिथल्या शेतकरी मेळाव्यांना मुलीला घेऊन जावे.

एक कळकळीची सूचना. घरात जिवाणू वाढवायचे प्रयोग, म्हणजे बशीत खाद्य घालून हातावरचे किंवा मोरीतले जंतू वाढवणे, करू नयेत. चित्रफितींत ते गमतीचे दिसते, पण काय वाढले हे आपल्याला कळत नाही आणि त्याची विल्हेवाट लावायला साधन नसते. यीस्ट, इडलीचे पीठ, दही यांवर सारे काही शिकता येते.

तिसरे, माळ. नान्नजचे माळढोक पक्ष्याचे अभयारण्य १९७९ पासूनचे आहे. तिथे वन विभागाच्या परवानगीने पाहायला जावे, मोजमाप मात्र आपल्याच पडीक तुकड्यावर करावे. सुतळीने एक मीटरचा चौकोन आखून त्यातील गवते व झाडोरा मोजायचा, पावसाळ्याआधी एकदा आणि नंतर एकदा. माळ म्हणजे ओसाड जमीन, तिथे झाडे लावली की पुण्य, असे आपल्याला लहानपणापासून सांगितलेले असते. दाट झाडीत माळढोकाला राहता येत नाही. त्याची मादी बहुधा एकच अंडे घालते आणि तेही उघड्या जमिनीवर. परिसंस्थेच्या प्रकरणात ‘अधिवास’ हा शब्द येईल तेव्हा मुलीला तिचा चौकोन आठवेल.

जुळे सोलापूर यांचे उत्तर

सर्वांची मनापासून आभारी आहे. दहा दिवसांनी लिहिते आहे, कारण आधी काहीतरी करून पाहावे असे वाटले.

परीक्षेसाठी एनआयओएसमध्ये नाव घालायचे ठरवले. वाचनासाठी ओपनस्टॅक्सचे सोपे पुस्तक घेतले. जाड पुस्तक दुसऱ्या वर्षी. दर शनिवारी ती एपीच्या जुन्या प्रश्नांपैकी एक सोडवील आणि बोरामणीकरांनी सांगितल्याप्रमाणे निकष समोर ठेवून मी तपासेन. हिशेब तपासण्याचीच सवय असल्यामुळे हे काम मला जमेल असे वाटते. पहिल्या उत्तराला मी चारपैकी एक गुण दिला आणि घरात दोन तास अबोला होता.

झाडाची आकृती तिने काढली. कासवाची फांदी कुठे जोडायची यावर ती अडली आहे, कारण दोन पुस्तकांत दोन ठिकाणी जोडलेली आहे, एकात सरड्यांजवळ आणि एकात मगरी व पक्ष्यांजवळ.

सूक्ष्मदर्शक आला. ज्वारीचे पान माझ्या माहेरून, मंगळवेढ्याहून, आणले. पहिल्या दिवशीचे सगळे काप जाड आले आणि तिने बोटही कापून घेतले, तेवढे डाळिंबबाग यांनी लिहायला हवे होते. दुसऱ्या दिवशी सतराव्या कापात हार दिसला. तिने मला बोलावले, मला आधी माझ्याच पापण्या दिसत होत्या, मग दिसला. तिच्या बाबांनी कामावरून आल्या आल्या पाहिला. गव्हाचेही पान पाहून झाले. आता तिचा प्रश्न असा आहे : हार असणे इतके सोयीचे आहे तर गव्हाला तो का नाही? मी निकषांत शोधले, तिथे हे नाही.

काचपट्टी यांचे उत्तर

कासवाविषयी आधी. दोन पुस्तकांत दोन उत्तरे आहेत कारण हा प्रश्न खरोखरच दीर्घकाळ वादाचा होता. शरीररचनेवरून कासवे एकीकडे जात आणि जनुकांची तुलना होऊ लागल्यावर ती मगरी व पक्ष्यांच्या बाजूला सरकली. अलीकडचे पुस्तक बहुधा मगरींजवळ दाखवील. तिला दोन्ही पुस्तकांची प्रकाशन वर्षे पाहायला सांगा.

गव्हाचे उत्तर मी आत्ता देत नाही. त्याऐवजी तिला तीन गोष्टी शोधून आणायला सांगा : गहू मुळात कोणत्या हवामानातला, सोलापुरात तो कोणत्या महिन्यांत पेरतात, आणि ज्वारीच्या त्या हारात कार्बन डायऑक्साइड आणून सोडताना झाडाची जास्तीची ऊर्जा खर्च होते का. त्यावर दोन पाने लिहून ठेवा म्हणावे. रविवारी सकाळी मी घरी असतो. वही, सूक्ष्मदर्शक आणि उरलेले पान घेऊन या. ब्लेड मी देईन, एका बाजूला पकड असलेले.